हात पालथा पडण्यापूर्वी : घरगुती पत्त्यांतील चुका, तंटे आणि त्यांचे निवाडे

पत्त्यांच्या घरगुती डावाला पंच नसतो. ब्रिजच्या स्पर्धेत संचालक असतो, कॅसिनोमध्ये टेबलावर देखरेख करणारा अधिकारी असतो. लग्नघराच्या माडीवर मात्र जे खेळतात तेच पाने वाटतात, तेच चुकतात, तेच ओरडतात आणि अखेरीस निवाडाही तेच करतात. या निवाड्यांना लिखित संहिता नाही. तरीही बैठक सहसा मोडत नाही. रात्री ‘हा रडीचा डाव आहे’ म्हणून पत्ते फेकून उठलेला गडी दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच सतरंजीवर, त्याच भिडूसमोर येऊन बसतो. ही व्यवस्था कशी चालते, तिची मुळे कोठे आहेत आणि तिचे नियम कोणते, याची मांडणी येथे केली आहे.

डावातील कोणत्याही तंट्यात तीन प्रश्न गुंतलेले असतात. चूक झाली की नाही हे कोणी ठरवायचे? चुकीची किंमत किती? आणि ती चूक कोणत्या क्षणापर्यंत दाखवता येते? पहिल्या दोन प्रश्नांवर आवाज चढतात; पण बारकाईने पाहिल्यास बहुतेक भांडणे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी ठरलेले नसल्यामुळे होतात, असे दिसून येते. या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला या लेखात ‘आक्षेपाची मुदत’ असे म्हटले आहे.

ही मांडणी करताना हिंगोली जिल्हा नजरेसमोर आहे. तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके. संत नामदेवांचे नरसी, औंढ्याचे ज्योतिर्लिंग आणि हळदीची बाजारपेठ यांसाठी तो ओळखला जातो. पत्त्यांसाठी त्याचे नाव कोणी घेणार नाही. परंतु मराठवाड्यात सर्वत्र आहेत तसे पत्ते येथेही आहेत. गणेशोत्सवात मंडपाच्या राखणीला बसलेली मुले, कोजागरीचे दूध आटेपर्यंत जागणारी मंडळी, पोळ्याचे बैल मिरवून मोकळे झालेले गडी आणि लग्नघरी आदल्या रात्री मुक्कामाला आलेले पाहुणे, असे त्यांचे ठरलेले प्रसंग आहेत. घराघरांत मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात, झब्बू आणि रमी चालतात. वर्तमानपत्रांच्या पोलीस कारवाईच्या बातम्यांत मात्र तिर्रट आणि झन्ना-मन्ना ही नावे भेटतात.

पोकर हा शब्द मोबाइलच्या पडद्यावरून गावोगाव पोहोचला असला, तरी घरात त्याचा डाव क्वचितच मांडला जातो. त्याचा जवळचा नातलग मात्र येथला जुना रहिवासी आहे. तिर्रट म्हणजेच तीन पत्ती हा खेळ इंग्लंडमधील ब्रॅग या तीन पानी खेळाशी मिळताजुळता आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत आकाराला आलेल्या पोकरच्या पूर्वजांतही ब्रॅगचे नाव घेतले जाते. दोन्ही खेळांत हातातल्या पानांइतकेच समोरच्याच्या मनावर खेळायचे असते. त्यामुळे पोकरच्या टेबलावरील तंटे आणि तिर्रटच्या सतरंजीवरील तंटे एकाच कुळातले आहेत, आणि एकाचा निवाडा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

द्यूताच्या निवाड्याचा विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात द्यूतसमाह्वय नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. जुगारगृह चालवणाऱ्याला तेथे ‘सभिक’ म्हटले असून त्याने मोठ्या जिंकीवर शेकडा पाच आणि इतरांकडून शेकडा दहा घ्यावेत असा दर दिला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद पुढची आहे: खेळातील व्यवहाराचे परीक्षक आणि साक्षीदार खुद्द खेळणारेच असावेत. बाहेरच्या माणसाला डावातले काय कळणार, हा विचार त्यामागे असावा. आणि लग्नघराच्या माडीवर आजही तीच तरतूद, तिचे नावही न ऐकता, पाळली जाते. कौटिल्याची वृत्ती याहून करडी. ‘अर्थशास्त्रा’च्या तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायात तो द्यूत एकाच ठिकाणी, अध्यक्षाच्या देखरेखीखाली चालवायला सांगतो, फासे अध्यक्षानेच पुरवावेत असे म्हणतो, आणि फासे बदलणाऱ्याला बारा पण दंड ठरवतो. कूटक्रीडा करणाऱ्याचा दंड त्याहून जड असून त्याची जिंकही जप्त होते. फसवणुकीला आणि साध्या नियमभंगाला वेगवेगळी किंमत लावण्याचे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

महाभारताच्या सभापर्वातील द्यूत हा तर नियमांच्या तंट्याचा सर्वांत थोर नमुना होय. त्यात दोन आक्षेप आहेत आणि दोहोंची वेळ वेगळी आहे. दुर्योधनाच्या वतीने शकुनी फासे टाकणार हे कळताच, एकासाठी दुसऱ्याने खेळणे योग्य वाटत नाही, असे युधिष्ठिर बोलून दाखवतो. आक्षेप रास्त होता आणि वेळेवरही होता. पण तो नोंदवून युधिष्ठिर तसाच खेळायला बसला. ज्या क्षणी पहिला फासा पडला त्या क्षणी तो आक्षेप संपला. दुसरा आक्षेप द्रौपदीचा: स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? हा आक्षेप डाव झाल्यावर आला, परंतु तो डावाच्या वैधतेविषयीचा असल्यामुळे मुदतीच्या सबबीवर फेटाळता येण्यासारखा नव्हता. भीष्मांनाही त्याचे निःसंदिग्ध उत्तर देता आले नाही. बाजू घेतली ती धाकट्या विकर्णाने. ज्येष्ठ गप्प राहतात आणि कोपऱ्यातला एखादा पोरगा खरे बोलतो, हे घरगुती डावातही पुष्कळदा घडते.

पत्त्यांचा इतिहास फाशांच्या मानाने अलीकडचा. बाबराच्या आठवणींत १५२७ साली गंजिफा भेट पाठवल्याचा उल्लेख येतो. महाराष्ट्रात या परंपरेची उत्तम वारसदार म्हणजे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा. वर्तुळाकार, हाताने रंगवलेली १२० पाने, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व दहा अंकपाने अशी तिची रचना असते. राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांच्या प्रयत्नांमुळे ही कला टिकून राहिली. या खेळाचे नियमच तंट्याला आमंत्रण देणारे आहेत. निम्म्या रंगांत अंकपानांचा क्रम चढता, तर उरलेल्या निम्म्या रंगांत उलटा असतो. शिवाय दिवसा डावाची सुरुवात रामाचा राजा असलेल्याने करायची आणि रात्री कृष्णाचा राजा असलेल्याने. दिवेलागणीला मांडलेला डाव दिवसाचा धरायचा की रात्रीचा, हे बसण्यापूर्वी ठरवून घेणे भागच होते!

आता बावन्न पानांकडे वळू. घरगुती डावातील चुकांचे स्थूलमानाने चार वर्ग पाडता येतात: वाटपातील दोष, पाळीचा भंग, रंगाचा भंग आणि शोमधील चूक. चौघांचे स्वरूप वेगळे असल्यामुळे त्यांच्या आक्षेपाची मुदतही वेगळी असते.

वाटपातील दोष सर्वांत निरुपद्रवी. कोणाकडे बारा पाने आली, कोणाकडे चौदा, किंवा वाटताना एखादे पान उताणे पडले, तर पहिली उतारी होण्याआधी सांगितल्यास पाने गोळा करून त्याच गड्याने पुन्हा वाटावीत, याबद्दल सहसा दुमत नसते. अडचण येते ती आपल्याकडे एक पान कमी असल्याचे चौथ्या हाताला लक्षात आल्यावर. पोकरच्या प्रचलित नियमांत याचे नेटके उत्तर आहे: वाटपानंतर दोन खेळाडूंनी आपापली चाल केली की वाटपदोषाचा दावा बुडतो आणि डाव पुढे चालवावाच लागतो. आपल्याकडेही पहिली उतारी हीच सीमा मानावी, आणि त्यानंतर पाने मोजण्याचा आळस ज्याने केला त्याने तो भोगावा. मेंढीकोटाला तेरा आणि पाच-तीन-दोनला दहा पाने मोजायला कितीसा वेळ लागतो?

याच वर्गात ‘पाने नीट पिसली नाहीत’ ही सार्वत्रिक तक्रार येते. ती नेहमीच रडीची असते असे समजू नये. डेव्ह बेयर आणि पर्सी डायाकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिले की गड्डीचे दोन भाग करून पाने एकमेकांत शिरवण्याच्या पद्धतीने बावन्न पाने पुरेशी मिसळण्यासाठी सुमारे सात वेळा पिसावे लागते. आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या, एका हातातून दुसऱ्या हातात थोडथोडी पाने सोडण्याच्या पद्धतीला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. मेंढीकोटाच्या मागच्या डावात एकाच रंगाची चार-चार पाने एकत्र उचललेली असतात. घाईने दोनदा पिसून वाटल्यास ती जुळणी पुढच्या डावात डोकावते आणि एखाद्याच्या हातात आठ बदाम येऊन पडतात. यात लबाडी नसते. पण पिसणाऱ्याच्या शेजारच्याने पाने कापण्याचा रिवाज याच कारणासाठी आहे आणि तो टाळू नये.

पाळीचा भंग म्हणजे आपली वेळ येण्यापूर्वी पान टाकणे किंवा बोलणे. यातील हानी माहितीची असते. तिर्रटमध्ये तिसऱ्या जागेवरचा गडी उतावळेपणाने ‘पॅक’ म्हणून पाने टाकतो, तेव्हा दुसऱ्या जागेवरच्याला एक स्पर्धक कमी झाल्याचे फुकट कळते. टाकलेली पाने परत उचलू द्यायची नाहीत, हा येथला साधा नियम. वेळेआधी वाढवलेल्या चालीबाबत पोकरमधील तत्त्व विचार करण्याजोगे आहे: मधल्या खेळाडूंच्या कृतीने परिस्थिती बदलली नाही, तर वेळेआधी बोललेला शब्द बोलणाऱ्याला बांधून ठेवू शकतो, मध्ये कोणी चाल वाढवली, तर तो मोकळा होतो. तोंडातून गेलेला शब्द म्हणजे टाकलेले पान, असे मानले की अर्धे तंटे मिटतात.

तिर्रटमधील साइड शो हा प्रकार निवाड्याच्या दृष्टीने फार नाजूक आहे. पाने पाहून खेळणारा गडी आधीच्या पाहून खेळणाऱ्याला पाने ताडून पाहण्याची विनंती करतो. दोघे परस्परांची पाने पाहतात आणि हलक्या पानांचा गडी काही न दाखवता बाहेर पडतो. म्हणजे या व्यवहाराला तिसरा साक्षीदार नाही. थोड्या वेळाने बाहेर पडलेल्याच्या लक्षात येते की आपल्याकडे कलर होता आणि समोरच्याकडे नुसती जोडी. तोवर त्याची पाने गड्डीत मिसळलेली असतात. येथे दया दाखवण्याची सोयच नाही, कारण दावा खरा की खोटा हे तपासण्याचा पुरावाच उरलेला नाही. पान गड्डीत गेले की दावा गेला, हा नियम कठोर वाटला तरी त्याला पर्याय नाही.

रंगाचा भंग, म्हणजे उतारीचा रंग हातात असूनही दुसऱ्या रंगाचे पान टाकणे, हा सर्व चुकांचा राजा होय. त्याला ‘रंगभंग’ म्हणता येईल. डावाचा बेरंग तोच करतो. मेंढीकोटाच्या उदाहरणाने तो समजून घेऊ. चौघे गडी, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकी तेरा पाने. चार रंगांच्या चार दश्श्या म्हणजे मेंढ्या. तीन मेंढ्या धरणारी जोडी जिंकते, चारही धरल्या तर समोरच्यांवर कोट चढतो, आणि दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात हात झाले त्यांची सरशी होते. हुकूम ठरवण्याच्या पद्धती दोन: कोणीतरी आधीच पान पालथे ठेवून हुकूम बंद करायचा, किंवा ज्याला प्रथम उतारीचा रंग देता येणार नाही त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम मानायचा. दुसऱ्या पद्धतीत रंगभंगाने केवळ एक हात जात नाही. हातात किलवर असताना कोणी चुकून बदाम टाकले, तर सबंध डावाचा हुकूमच चुकीचा ठरतो.

समजा, किलवरची उतारी झाली, तिच्यावर किलवर दश्शी पडली आणि तिसऱ्या गड्याने हुकूम मारून ती मेंढी उचलली. चार हातांनंतर तोच गडी निरागसपणे किलवर अठ्ठी खाली ठेवतो. त्यानंतर होणारा आरडाओरडा वाचकांनी ऐकलेला असेलच. काही घरांत अशा वेळी सगळा डाव त्या जोडीवर चढतो. काहींत फक्त मेंढी परत केली जाते. आणि जेथे काहीच ठरलेले नसते तेथे पाने भिरकावली जातात. ब्रिजच्या नियमांनी या प्रश्नाचा जितका बारीक विचार केला आहे तितका अन्य कोणत्याही खेळाने केलेला नसेल. तेथे चुकलेल्या जोडीने पुढच्या हातासाठी पान टाकेपर्यंत रंगभंग दुरुस्त करता येतो. चुकीचे पान परत घेऊन योग्य रंग दिला जातो. त्यानंतर मात्र तो ‘कायम’ होतो आणि परिस्थितीनुसार एक किंवा दोन हात समोरच्या जोडीला द्यावे लागतात. पुढच्या वाटपात समोरच्यांनी बोली लावल्यावर कोणाला जुनी चूक आठवली, तर ठरीव भरपाई मिळत नाही.

हे तत्त्व मेंढीकोटाला जसेच्या तसे लावता येणार नाही. ब्रिजमध्ये सर्व हात सारखे मोलाचे. मेंढीकोटात एका हातात मेंढी असते आणि दुसऱ्यात चिल्लर. म्हणून भरपाई हातांच्या संख्येवर न मोजता, रंगभंगाने उचललेल्या हातातील मेंढी आणि शिवाय एक हात समोरच्या जोडीला द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हुकूमच चुकीचा ठरला असेल तर डाव मोडून पुन्हा वाटणे एवढाच उपाय उरतो. दुरुस्तीची मुदत मात्र ब्रिजच्या धर्तीवर असावी: हात उचलून पालथा ठेवला आणि पुढची उतारी झाली, की परतीचा रस्ता बंद.

येथे पुराव्याचा एक व्यावहारिक प्रश्न आहे. ब्रिजच्या स्पर्धेत प्रत्येक जण आपले पान आपल्यासमोरच ठेवतो, त्यामुळे सबंध डाव मागे वाचत जाता येतो. मेंढीकोटात हात जिंकणारा चारही पाने एकत्र उचलतो आणि कोणी काय टाकले याची खूण पुसली जाते. जाणते गडी म्हणूनच प्रत्येक हात आधीच्या हातावर आडवा-उभा रचतात. तंटा झाला तर निदान पाचवा हात कोणता होता एवढे तरी निर्विवाद सांगता येते. आणि भिडूने हुकूम मारताच ‘किलवर संपलं का?’ असे त्याला मोकळेपणाने विचारू द्यावे. हा प्रश्न इशारा नसून उपचार आहे. बरेच रंगभंग तो जागच्या जागी वाचवतो.

बदाम सातचा रंगभंग वेगळ्याच जातीचा. पान लागू होत असताना ‘पास’ म्हणणे ही त्यातली चूक. डाव पुढे सरकतो आणि ते दडवलेले पान कधी ना कधी बाहेर पडतेच, त्यामुळे चोरी स्वतःहून उघडी होते. पण ती उघडी होईपर्यंत दहा-बारा पाळ्या उलटलेल्या असतात. तेथे पुढच्या पाळीपर्यंतची मुदत निरर्थक ठरते, आणि डाव संपेपर्यंत आक्षेप घेऊ देणेच न्याय्य होते. मुदत खेळाच्या स्वभावाप्रमाणे ठरते, ती एकाच मापाची नसते, हे यावरून लक्षात यावे.

रमीतील तंटे शोभोवती फिरतात. तेरा पानांच्या रमीत जोकरविना केलेली एक प्युअर सिक्वेन्स आणि तिच्याखेरीज निदान आणखी एक सिक्वेन्स असल्याशिवाय शो मारता येत नाही. प्रचलित हिशेबात पहिल्याच पाळीला पाने टाकणाऱ्याला २०, मध्येच टाकणाऱ्याला ४० आणि चुकीचा शो मारणाऱ्याला पूर्ण ८० गुण बसतात. चुकीच्या शोला कमाल दंड असण्याचे कारण असे की त्यामुळे इतरांनीही आपली पाने उघडलेली असतात, आणि उघडलेले पान पुन्हा झाकता येत नाही. यासाठी शो मारणाऱ्याची पाने तपासून होईपर्यंत बाकीच्यांनी हात उघडू नयेत. पूर्ण दंड झाल्यावरही इतरांचा डाव मग पुढे चालू राहू शकतो.

शोच्या प्रसंगी पोकरमधील आणखी एक तत्त्व आपलेसे करण्याजोगे आहे. तेथे ‘पान बोलते’ असे मानतात: खेळाडूने आपल्या हाताचे काय वर्णन केले याला महत्त्व नाही, टेबलावर उताणी पडलेली पाने जी किंमत सांगतील तीच खरी. एखाद्याने ‘माझी नुसती जोडी’ म्हणून पाने उघडली आणि शेजाऱ्याला त्यात कलर दिसला, तर तो कलरच. भोळ्या खेळाडूला याचा मोठा आधार असतो. अट इतकीच की पाने अजून उताणी असली पाहिजेत.

काही तंटे मात्र चुकीतून उद्भवत नाहीत. दोघेही बरोबर असतात आणि दोन घरांचे नियम निराळे असतात. वसमतच्या सासरी एक रीत, सेनगावच्या माहेरी दुसरी. तिर्रटमधील एक्का-दुर्री-तिर्री हे त्याचे ठळक उदाहरण. एक्का-बादशाह-राणी ही सर्वांत मोठी सिक्वेन्स आणि तिच्याखालोखाल एक्का-दुर्री-तिर्री, असे अनेक ठिकाणी मानतात. काही ठिकाणी एक्का-दुर्री-तिर्रीलाच अग्रमान आहे, तर काही ठिकाणी ती सर्वांत धाकटी. गणित येथे मदतीला येत नाही. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यांपैकी ट्रेल, म्हणजे तिन्ही पाने एकाच किमतीची, ५२ आहेत. प्युअर सिक्वेन्स ४८, साधी सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४ आणि बाकी १६,४४० संचांत नुसते मोठे पान. दुर्मीळ तो मोठा हे तत्त्व काटेकोर लावले, तर प्युअर सिक्वेन्स ट्रेलच्या वर बसली पाहिजे, कारण ती चार संचांनी दुर्मीळ आहे. तरीही सर्वत्र ट्रेलच श्रेष्ठ मानला जातो. खेळाचे नियम मूलतः संकेत आहेत आणि संकेत आधी बोलूनच ठरवावे लागतात, याला यापेक्षा चांगला दाखला सापडणे कठीण.

चूक आणि लबाडी यांतील सीमारेषेविषयी थोडे लिहिले पाहिजे. ‘चॅलेंज’ या खेळात पालथी पाने टाकून खोटे बोलणे हाच खेळ आहे. तिर्रट आणि पोकरमध्ये हलक्या पानांवर मोठी चाल करणे ही कला समजली जाते. खेळाने ज्या फसवणुकीला जागा दिली आहे ती लबाडी होत नाही. पान मांडीखाली दडवणे, पिसताना गड्डी लावून ठेवणे, भिडूला नाक खाजवून खूण करणे, ही लबाडी. परंतु रंगभंग मुद्दाम केला की नजरचुकीने, हे सिद्ध कसे करणार? ब्रिजची नियमावली भरपाई ठरवताना हेतू विचारतच नाही. झालेले नुकसान भरून निघाले की तिचे काम संपते. घरगुती निवाड्यात मात्र हेतू पाहिला जातो, आणि माणूसही पाहिला जातो. आठ वर्षांचे पोर कच्चा लिंबू म्हणून सुटते. घरचे दाजी नव्याने आलेले असतील तर त्यांच्या रंगभंगाकडे सगळेच काणाडोळा करतात. दुसऱ्या दिवाळीला मात्र तीच सवलत मागितली, तर मेहुणे ती देत नाहीत.

निवाडा कोणी द्यायचा? सर्वांत योग्य माणूस म्हणजे खेळ जाणणारा, पण त्या डावातून आधीच बाहेर पडलेला किंवा पुढच्या डावाची वाट पाहत बसलेला गडी. त्याला खेळ समजतो आणि चालू डावात त्याचा पैसा अडकलेला नसतो. ज्येष्ठतेवर निवाडा सोपवण्याची रीत सोयीची आहे, तथापि काकाच जर एका जोडीत भिडू म्हणून बसले असतील तर ती मोडून पडते. बहुमतही फसवे ठरते, कारण चौघांच्या डावात दोन विरुद्ध दोन असेच मत पडते. नियमांचे अधिकृत पुस्तक काढून दाखवण्याची प्रथा युरोपात अठराव्या शतकात रुजली. एडमंड हॉइल याने १७४२ साली व्हिस्ट या खेळावर छोटे पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे ‘हॉइलच्या मते’ हा इंग्रजीत नियमशुद्धतेचा पर्यायी शब्दप्रयोग झाला. मेंढीकोटाला असा हॉइल लाभला नाही.

पैशांचा विषय टाळता येत नाही. हिंगोलीचा भूभाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात फसली १३०५, म्हणजे इ.स. १८९५-९६ च्या सुमाराचा जुगारविषयक कायदा होता. पुढे याच हैदराबादी कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबात रमी खेळणाऱ्यांवर खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर १९६७ च्या निकालात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी, पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि पाने राखण्या-टाकण्यात बरेच कौशल्य लागते म्हणून रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा दिला. तीन पानांचा खेळ मात्र त्यांनी निव्वळ नशिबाचा मानला. जागेचा मालक खेळातून नफा काढत असेल तर रमीलाही संरक्षण नाही, हेही त्याच निकालात सुचवले आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. त्याच्या तेराव्या कलमाने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले असले, तरी ‘जुगाराचे घर’ ठरवताना मालकाचा फायदा हाच निकष महत्त्वाचा असतो. बोलीभाषेत या फायद्याला ‘नाल’ म्हणतात. ऑनलाइन पैसे लावून खेळण्याला तर संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने कौशल्य-नशीब हा भेदच पुसून बंदी घातली आहे. या सर्वांतून घरगुती बैठकीपुरता निष्कर्ष असा की पैसे लावूच नयेत. आणि चहा-पोह्यांचा खर्च, दोन रुपये का होईना, डावाच्या राशीतून कधीही वळता करू नये.

पैसा नसला म्हणून तंटा मंदावतो असे मात्र नाही. मेंढीकोटात केवळ कोट चढण्याच्या नामुष्कीसाठी माणसे रात्र जागवतात. रमीच्या गुणांसाठी जुनी वही घेतात, तिच्या पानावर उभ्या रेघा ओढून वर खेळणाऱ्यांची नावे लिहितात. त्याच पानाच्या डोक्याशी, नावांच्याही वर, दोन-तीन ओळी पुरतात: एक्का-दुर्री-तिर्री दुसरी. चुकीचा शो ८०. रंगभंग पुढची उतारी होईपर्यंत माफ, नंतर मेंढी आणि एक हात. मग पाने पिसायला घ्यावीत.